हार्नेस दिले, गाठ कोण तपासणार?

संपादक महोदय,

मे महिना लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शहादा, नंदुरबार अशा सगळ्याच गावांत मान्सूनपूर्व झाडछाटणीची घाई उडते. रोहिणी-मृगाच्या वादळात फांदी वीजतारेवर पडण्याआधी ती काढलेली बरी, याबद्दल वाद नाही. मजुराला हेल्मेट आणि हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) दिला की सुरक्षिततेचे कलम पूर्ण झाले, हा जो समज ठेकेदारापासून उद्यान विभागापर्यंत पसरला आहे, त्याबद्दल मात्र लिहायलाच हवे. हार्नेस माणसाला दोराशी जोडतो, एवढेच त्याचे काम. माणूस वर टिकतो तो बोटाएवढ्या जाडीच्या दोरीने मुख्य दोरावर मारलेल्या पकडगाठीमुळे, किंवा तिच्या जागी लावलेल्या यंत्रामुळे. ही गाठ दुकानातून तयार आणून कुणाच्याही कमरेला अडकवण्याची वस्तू नाही. ती माणसागणिक, दोरागणिक आणि हवेगणिक जुळवावी लागते. जुळली की नाही, हे जमिनीपासून फूटभर उंचीवर बघायचे असते. चाळीस फुटांवर गेल्यावर बघून उपयोग नाही.

दुहेरी दोराची पद्धत थोडक्यात अशी. जाड, जिवंत फांदीवरून दोर टाकायचा. त्याचे एक टोक हार्नेसला. दुसऱ्या बाजूच्या दोरावर पकडगाठ मारून तीही हार्नेसला. गाठ वर सरकवली की माणूस वर जातो, हात सोडला की गाठ आवळते, वरून हलकेच खाली ओढली की माणूस उतरतो. गिर्यारोहकांना यातली प्रुसिक ओळखीची आहे. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ मध्ये मांडली. पण प्रुसिक भाराखाली सहज सुटत नाही, म्हणून झाडावर ब्लेक, डिस्टेल, श्वाबिश किंवा व्हीटी (वेढ्यांखाली वेणी असलेली) या गाठी चालतात.

गाठ पकडते कशी, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. खुंट्याला दोन वेढे दिलेला कासरा लहान पोर धरून ठेवते आणि बैल जागचा हलत नाही, तेच गणित इथे आहे. वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून ‘असू दे एक वेढा जास्त’ हा शहाणपणा महागात पडतो. चाराचे पाच वेढे केले की तीच गाठ भाराखाली दगडासारखी बसते, मग मजूर तिला दोन्ही हातांनी हिसका देतो, ती एकदम सुटते आणि माणूस चार-पाच फूट खाली येऊन आदळतो.

आता भाराकडे बघू, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. सामानासह ८० किलोचा माणूस दुहेरी दोरावर आहे आणि वर दोर कप्पीवरून फिरतो आहे, असे धरा. दोन्ही बाजूंना ४०-४० किलो येतात, म्हणजे गाठीवर ४०. तोच दोर कडुलिंबाच्या चिरा पडलेल्या सालीवरून थेट टाकला, तर उतरताना साल बराच भार खाते आणि गाठीच्या बाजूला २०-२५ किलोच उरतात. दोर वर पक्का बांधून एकेरी दोरावर चढला, तर गाठीवर पूर्ण ८०. माणूस तोच, दोर तोच, गाठ तीच. भार मात्र तिपटी-चौपटीने बदलला. पकडगाठ भार आला तरच आवळते. कप्पीवर छान जुळलेली गाठ सालीवर गेली की सुरुवातीचा भार कमी पडून निसटू शकते. सालीवर जुळवलेली कप्पीवर नेली की जाम होते. आणि दुहेरी दोराची साधी गाठ एकेरी दोरावर लावली तर उतरणे जवळपास अशक्य; म्हणून तिथे गाठीच्या वर रोप रेंचसारखे थोडे घर्षण देणारे जोडयंत्र लागते. चाचणी घ्यायची ती ज्या आधारावर काम करायचे त्याच प्रकारच्या आधारावर. फांदीला दोन कड्यांचा पट्टा घालून त्यातून दोर ओवणे सर्वांत बरे: सालही सोलत नाही आणि घर्षण दर झाडाला बदलत नाही.

दोराबद्दल बोलणे भाग आहे. बाजारात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा निळा, हिरवा, पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, ज्याला दुकानदार डॅनलाइनही म्हणतात. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे वीतभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाकणे. तरंगला तर त्यावर माणूस चढवू नये. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळते, उन्हाने कुजते आणि गाठही धरत नाही. पॉलिस्टर २५५-२६० अंशांपर्यंत तग धरतो. गाठीच्या दोरीच्या वेष्टनात अ‍ॅरामिड हा उष्णता सोसणारा धागा असेल तर तो वितळत नाही, पाचशे अंशांच्या आसपास करपतो. भरभर उतरताना घर्षणाची सगळी उष्णता दोरीच्या त्या दोन-तीन वेढ्यांत साठते, म्हणून हा फरक महत्त्वाचा. मुख्य दोर कमी ताणला जाणारा, ११.५ ते १३ मिमी जाडीचा घ्यावा. ईएन १८९१ या युरोपीय मानकाच्या ‘ए’ प्रकारातल्या दोराची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या आसपास असते. गाठीची दोरी मुख्य दोराच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश जाडीची, म्हणजे ८ ते १० मिमी. याहून जाड दोरी पकडत नाही, याहून बारीक दोरी चावून बसते आणि लवकर जळते. व्हीटीसाठी दोन्ही टोकांना डोळे (पक्के फासे) असलेली दोरी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ७० ते ८० सेंमी चालते. दोन सेंमीच्या फरकानेही गाठीचा स्वभाव बदलतो, हे हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आता जमिनीवरची चाचणी. आधी आधार: दोर टाकल्यावर दोघांनी मिळून जमिनीवरूनच त्यावर लटकावे, कान फांदीकडे. कर्र असा बारीक आवाज आला तरी दुसरी फांदी शोधावी. मग गाठ मारायची आणि नीट बसवायची. वेढे एकाशेजारी एक, कुठेही एकमेकांवर चढलेले नाहीत, गाठीतून हार्नेसकडे येणारे दोरीचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे. ब्लेकची गाठ असेल तर शेपटाला, म्हणजे सुट्या टोकाला, आठाची गाठ हवीच, नाहीतर शेपूट हळूहळू आत ओढले जाते. हाताने आवळून घेतल्यावर हार्नेसमध्ये हळूहळू बसावे, पाय जमिनीपासून फूटभर वर. गाठीच्या वरच्या कडेला दोरावर खडूची रेघ ओढावी आणि मिनिटभर हात सोडून लटकावे. बसताना पहिले एक-दोन सेंमी गाठ खाली येते, ते तिचे आवळणे. त्यानंतर रेघेपासून अंतर वाढत राहिले तर गाठ सरकते आहे. पुढे जाऊ नये. स्थिर राहिली तर तीन-चार हलके हिसके द्यावेत आणि पुन्हा रेघ बघावी.

यानंतर सुटण्याची परीक्षा. एका हाताने गाठीचा माथा खाली ओढावा. उतरण्याची सुरुवात संथ व्हायला हवी आणि ओढ वाढवली तसा वेग वाढायला हवा. आधी काहीच नाही आणि मग एकदम धप्प, असे झाले तर गाठ नापास. उतरता उतरता हात झटकन काढावा; वीतभराच्या आत थांबली पाहिजे. शेवटी ढील काढून बघावी: खालून दोर ओढला की गाठीखालची छोटी कप्पी तिला वर ढकलते, वेढे किंचित उघडतात, दोर सरकतो आणि भार येताच पुन्हा आवळतात. वेढे उघडेच राहिले, म्हणजे गाठ स्प्रिंगसारखी सैल उभी राहिली, तर ती पुढच्या भाराला पकडेलच याचा भरवसा नाही. नव्या कडक दोरीत हा दोष हमखास दिसतो. अशी दोरी जमिनीलगत पुष्कळदा वर-खाली करून मऊ होऊ द्यावी, मगच वर न्यावी.

हे सगळे हातमोजे घालून करावे, कारण काम मोज्यांतच होणार. आणि ते दोराच्या दोन ठिकाणी करावे. खालचे पाच-सहा मीटर काळ्या मातीत लोळून जाड, खरखरीत झालेले असतात आणि मधला भाग गुळगुळीत राहतो. बुंध्याशी बेतलेली गाठ वर गेल्यावर निसटते ती यामुळे.

जुळवणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा पहिल्यापासून चाचणी घ्यावी. गाठ सरकत असेल तर आधी वेढे विस्कटले आहेत का ते बघावे. निम्म्या वेळा तेवढेच असते. मग वरचा एक वेढा वाढवावा, किंवा दोरी दोन-तीन सेंमी आखूड घ्यावी. जाम होत असेल तर उलट: एक वेढा कमी, नाहीतर थोडी लांब दोरी. व्हीटीमध्ये ढोबळमानाने वरचे वेढे पकड ठरवतात आणि खालची वेणी सुटण्याची सफाई, म्हणून हिसका बसत असेल तर वेढ्यांना हात लावण्याआधी वेणी बदलून बघावी. डिस्टेलमध्ये वर चार किंवा पाच आणि खाली एक, एवढाच खेळ आहे; शिकाऊ माणसाला तीच द्यावी. व्हीटी सुंदर चालते, पण ती मारणाऱ्याच्या हाताची परीक्षा बघते, आणि दहा जणांच्या टोळीत ती दहा तऱ्हांनी मारली जाते.

वजनाचा मुद्दा यातच येतो. टोळीत ५० किलोचा पोरगा आणि ८५ किलोचा गडी एकाच संचावर आळीपाळीने चढवतात. गड्याला जुळलेले चार वेढे पोराला अपुरे पडू शकतात, आणि पोराचे पाच वेढे गड्याला खाली येऊ देत नाहीत. हार्नेस एक वेळ दोघांत चालेल, गाठीची दोरी ज्याची त्याला हवी. तिच्या डोळ्याजवळ रंगीत चिकटपट्टी लावली की अदलाबदल होत नाही.

आपल्या हवेची काही खास दुखणी आहेत. पारा ४५ च्या वर गेलेला असताना अ‍ॅल्युमिनियमचे यंत्र उन्हात ठेवले तर हात भाजतो. दोर मात्र त्या उन्हाने लगेच बिघडत नाही, तो महिनोन्‌महिन्यांच्या उन्हाने फिका पडून कमजोर होतो. खरी अडचण धुळीची. वावटळीची बारीक माती वेष्टनातून गाभ्यात जाते आणि आतून धागे कापते. दुसरी अडचण झाडांची. वड, पिंपळ, उंबराचा चीक आणि बाभूळ, कडुलिंबाचा डिंक गाठीत मुरतो. संध्याकाळी ती दोरी बोटांत फिरवून बघावी: ज्वारीच्या दाण्याएवढे कडक खडे लागतात, दोन खड्यांमधला भाग मऊ असतो. अशी दोरी एका जागी चावते आणि पुढच्या जागी सुटते. ती कापून टाकावी, धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नये. मुख्य दोर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवावा. रॉकेल, पेट्रोल, ब्लीचिंग पावडर अजिबात नको. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी दोर ठेवूच नये. आम्लाने नायलॉन खाल्लेला वरून दिसतही नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. साखळी करवतीला जळके इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ते तेल कमरेला लटकलेल्या करवतीतून ठिबकत दोरावर उतरते आणि सकाळी पास झालेली गाठ दुपारी सरकू लागते. म्हणून चाचणी सकाळी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा. वळवाची सर येऊन गेली तर तिसऱ्यांदा, कारण ओल्या दोरावर काही गाठी चिकटून बसतात, तर काही आधी निसटतात. दोर आणि दोरी कशाची आहे यावर ते ठरते.

दोरी बाद कधी करायची, हेही मुकादमाला ठाऊक हवे. वेढ्यांच्या जागी चकाकी येऊन ती काचेसारखी गुळगुळीत झाली, बोटाने वाकवताना कडक लागली, चपटी पडली, किंवा वेष्टनाचे धागे तुटून आतला गाभा दिसला, की संपली. रोजच्या कामात ही दोरी झिजणारा माल आहे. करवतीच्या साखळीइतकाच हिशेब तिचाही धरावा.

यंत्रांबद्दल थोडेच. पकडगाठीच्या जागी लावायचे पेट्झल कंपनीचे झिगझॅग असो की दुसरे काही, वेढे मारण्याची कटकट वाचते, जुळवणीची वाचत नाही. प्रत्येक यंत्राच्या दोराची जाडी ठरलेली असते. नवा दोर धुतल्यावर आखडतो आणि किंचित फुगतो, मग कालपर्यंत सुरळीत चालणारे यंत्र आज अडते. कड्या झिजून धारदार झाल्यात का, दोराने धातूत खाच पाडली आहे का, प्रत्येक सांधा बोटाने मोकळा फिरतो का, एवढे रोज बघावे. खाच दिसली तर कानस मारून साफ करू नये, यंत्र बाद करावे. दोर जिथे घासतो तिथे तेल घालणे म्हणजे ब्रेकला तेल घालणे. ज्या यंत्रांत घर्षण कमी-जास्त करायची सोय आहे, तिथे एका वेळी एकच टप्पा बदलावा, आणि कोणाचा टप्पा कोणता ते वहीत लिहावे.

संक्रांतीनंतर मांजात अडकलेले पक्षी सोडवायला गिर्यारोहणाचे सामान घेऊन चढणाऱ्या तरुणांनाही हे लागू आहे. ९-१० मिमीचा कड्यावरचा ताणणारा दोर झाडावर आणला तर त्यावर ८ मिमीची दोरी पकडत नाही, ५-६ मिमीची लागते. शिवाय प्रत्येक हालचालीला झोके बसतात. दातेरी जुमारवर (दोर पकडत वर चढायच्या यंत्रावर) ढील ठेवून पडू नये, दाते वेष्टन फाडतात.

एक सूचना सगळ्यांसाठी. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येते ती गाठच. पकडगाठ माथ्याकडून मुठीत धरली की ती सुटते. म्हणजे जीव वाचवायला धरलेल्या गाठीमुळेच तो खाली येतो. गाठ सोडून दोर किंवा फांदी धरायची, ही सवय जमिनीलगत पुनःपुन्हा लावून घ्यावी लागते. सांगून होत नाही.

झाडाला हात लावण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते. नगरपालिकांना आमची मागणी एवढीच, की त्याच फायलीत आणि ठेक्याच्या अटींत चढणाऱ्याच्या दोरासाठीही चार ओळी असाव्यात. दोर व दोरीचा प्रकार आणि जाडी. प्रत्येक चढणाऱ्याची स्वतःची गाठीची दोरी. रोजच्या जमिनीवरच्या चाचणीची मुकादमाच्या सहीची नोंद. आणि करवत चालवताना मुख्य दोराशिवाय कमरेचा दुसरा पट्टा झाडाला, कारण करवतीला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही. हार्नेस पुढच्या बाजूला जोड असलेला, बसता येईल असा हवा. पाठीवर कडी असलेला बांधकामावरचा हार्नेस, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असला तरी, पडणाऱ्याला अडवण्यासाठी आहे. त्याला लटकून तासन्‌तास काम करता येत नाही. कॅराबिनर (जोडकडी) तीन हालचालींनी उघडणारा घ्यावा, स्क्रूचा थरथरीने सैल होतो. तारेजवळच्या झाडावर महावितरणने लाइन बंद करून अर्थिंग केल्याशिवाय कोणी चढू नये. ओला दोर वीज वाहतो.

शेवटची अट खर्चाची आहे, म्हणून तीच गाळली जाते. एक माणूस वर असेल तर तितक्याच तयारीचा दुसरा माणूस दुसऱ्या संचासह खाली हवा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते, आणि अग्निशमनच्या गाडीची वाट बघण्याइतका वेळ हाताशी नसतो. खालच्या माणसाला वरच्याची गाठ ओळखीची हवी, म्हणून एका टोळीने गाठीचा एकच प्रकार ठरवून घ्यावा, वेढे ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. आणि दर आठवड्याला एकदा, दहा फुटांवर लटकलेल्या साथीदाराला त्याच्याच गाठीवरून खाली उतरवण्याचा सराव करावा.

आपले,
दोरावरून झाडकाम करणारे आणि शिकवणारे काही जण,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे